महाविद्यालय न पाहिलेला प्राध्यापक : ऑगस्ट व्होल्मर

अ‍ॅशबर्न : माहिती-केंद्रांनी वेढलेल्या व्हर्जिनियातील या उपनगरात एखाद्या मराठी घरातील मुलीने गुन्हेशास्त्र शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तर घरच्यांना पहिली शंका येते ती तिला शेवटी पोलीसच व्हायचे आहे की काय, ही. अमेरिकेत हा विषय विद्यापीठाच्या दारी नेणारा माणूस खरोखरच पोलीस होता, आणि त्याने स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती.

ऑगस्ट व्होल्मर यांचा जन्म 1876 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जर्मन स्थलांतरितांच्या घरी झाला. वडील लवकर वारल्यामुळे शिक्षण जेमतेमच झाले. फिलिपाइन्समधील लष्करी सेवेनंतर ते कॅलिफोर्नियातील बर्कली गावी पत्रे वाटू लागले. 1904 मध्ये उतारावरून सुटलेला मालवाहू डबा त्यांनी उडी घेऊन थांबविला. या धाडसामुळे त्यांचे नाव गावभर झाले आणि 1905 मध्ये लोकांनी त्यांना मार्शल म्हणून निवडून दिले. 1909 पासून ते बर्कलीचे पोलीसप्रमुख झाले.

काठी आणि वशिला हीच त्या काळी पोलिसाची पात्रता समजली जाई. व्होल्मर यांनी मात्र ऑस्ट्रियन न्यायपंडित हान्स ग्रोस यांचे लेखन अभ्यासले, शिपायांना सायकली दिल्या आणि 1908 मध्ये ठाण्यातच शाळा उघडून शिकवायला विद्यापीठातील प्राध्यापकांना बोलाविले. 1916 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात या विषयाचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. शिकत असलेल्या तरुणांना त्यांनी पोलिसात घेतले. 1919 मध्ये भरती केलेले कृष्णवर्णीय वॉल्टर गॉर्डन कायदा शिकले आणि पुढे अमेरिकन व्हर्जिन बेटांचे गव्हर्नर झाले. शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेल्या जॉन लार्सन यांनी 1921 मध्ये तेथेच असत्यशोधक यंत्र तयार केले; पुढे त्याच्या वापराचे तेच टीकाकार झाले. ओ. डब्ल्यू. विल्सन शिकागोचे पोलीसप्रमुख झाले. गुन्हेशास्त्र शिकून पुढे काय, याचे उत्तर या तिघांच्या आयुष्यांतच मिळते.

राष्ट्रीय पातळीवर बोटांच्या ठशांचा एकत्र संग्रह असावा, असा आग्रह व्होल्मर यांनी धरला होता. 1924 मध्ये वॉशिंग्टनला तो विभाग उभा राहिला. त्यामागील वर्गीकरणाची पद्धत मात्र कलकत्त्याची. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचे श्रम तिच्यात होते, नाव राहिले ते हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचे!

लॉस एंजेलिसची पोलीस खात्यातील घाण एका वर्षात (1923-24) उपसली गेली नाही आणि व्होल्मर बर्कलीला परतले. 1929 मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले; पुढे बर्कलीतही ते पद मिळाले. आरोपीला मारहाण करून कबुली घेण्यास आणि फाशीच्या शिक्षेस त्यांचा विरोध होता. व्यसनाधीनता हा पोलिसांचा नव्हे, डॉक्टरांचा विषय आहे, असे ते मांडत. त्याच वेळी, फिलिपाइन्समधील वसाहती युद्धाचे तंत्र त्यांनी शहराच्या रस्त्यांवर आणले, हा आजच्या अभ्यासकांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आज या पदवीची वाट कारागृह, परिविक्षा, गुन्हे-विश्लेषण, पीडितांना साहाय्य, संशोधन आणि संगणकीय गुन्ह्यांच्या तपासाकडे जाते. क्वांटिको येथील एफबीआयच्या प्रयोगशाळेचे स्वप्न पाहणाऱ्याने मात्र रसायन वा जीवशास्त्राचा पाया घातलेला बरा. गुन्हेशास्त्र मुळात समाजशास्त्राच्या कुळातले आहे. शिवाय एफबीआयच्या नोकरीला अमेरिकन नागरिकत्व लागते. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी हा हिशेब प्रवेशाआधीच करावा.

दुर्धर आजारांनी ग्रासलेल्या व्होल्मर यांनी 4 नोव्हेंबर 1955 रोजी स्वतःचे जीवन संपविले. बर्कलीतील गुन्हेशास्त्राचे विद्यालय राजकीय वादंगानंतर 1976 मध्ये बंद पडले. 1941 च्या डिसेंबरात त्यांच्या घरी जमलेल्या मोजक्या अध्यापकांच्या बैठकीतून अमेरिकन गुन्हेशास्त्र संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे आणि व्होल्मर यांच्या नावाने पुरस्कार देते.