सूर्याच्या डागांत दुष्काळ शोधणारा लॉकियर

विजयदुर्ग किल्ल्यावरील 'साहेबांचे ओटे' पाहताना नॉर्मन लॉकियरने 1868 साली येथूनच हेलियमचा शोध लावला, असे हमखास सांगितले जाते. वस्तुतः त्या वर्षी तो इंग्लंडमध्ये होता. सूर्यप्रकाशातील अपरिचित पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये तेथूनच पाहिली. विजयदुर्गास तो आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ओटे त्या वेळचे.

1836 साली रग्बी येथे जन्मलेला लॉकियर पेशाने युद्धखात्यातील कारकून. खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा छंद. तरीही 1869 मध्ये त्याने 'नेचर' हे नियतकालिक सुरू केले आणि पुढे अर्धशतक चालविले.

हिंदुस्थानशी त्याचे खरे नाते मात्र दुष्काळाने जोडले. 1876 ते 78 या काळात मद्रास, म्हैसूर व मुंबई इलाख्यांत लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. सूर्यावरील डाग सुमारे 11 वर्षांच्या आवर्तनाने वाढतात व घटतात. डाग अत्यल्प असताना मद्रासेत पाऊसही कमी पडतो, असे विल्यम हंटरला आकडेवारीत दिसले होते. 1877 मध्ये दोघांनी मिळून या विषयावर लेख लिहिला. सूर्य पाहून अवर्षण आधीच कळले, तर धान्य साठवता येईल, हा विचार मोहक होता. तो सरकारलाही सोयीचा होता, कारण दुष्काळातही धान्याची निर्यात चालूच होती आणि दोष सूर्यावर टाकता येत होता. रिचर्ड स्ट्रेची यांनी त्याच वर्षी मद्रासचे आकडे तपासून हा संबंध सिद्ध होत नसल्याचे दाखविले.

लॉकियर मागे हटला नाही. 1900 मध्ये पुत्र विल्यमसह त्याने नवी मांडणी केली: डाग सर्वाधिक असताना आणि सर्वांत कमी असताना, अशा दोन्ही वेळी पाऊस वाढतो, दुष्काळ मधल्या काळात पडतो. म्हणजे पूर्वी अवर्षणाचा मानलेला काळच आता सुकाळाचा ठरला! 1904 पासून भारतीय हवामान खात्याची धुरा वाहणाऱ्या गिल्बर्ट वॉकरने गणिताच्या कसोटीवर डागांचा पावसाशी संबंध क्षीण ठरविला आणि मान्सूनची सूत्रे प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या आंदोलनात शोधली.

एका आवर्तनात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम 0.1 टक्क्याने बदलते, हे उपग्रहांनी पुढे मोजले. लॉकियरपाशी ते साधन नव्हते. 1920 च्या ऑगस्टमध्ये, सिडमथजवळ स्वतः उभारलेल्या वेधशाळेच्या परिसरात तो निवर्तला.