साडी नेसलेल्या मरियामातेचा चित्रकार



आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी गोठ्याची तयारी सुरू होते. माळ्यावरच्या खोक्यातून वर्षभर कागदात गुंडाळून ठेवलेल्या मूर्ती निघतात. मरियामाता, संत योसेफ, मेंढपाळ, तीन राजे. बहुतेकांचा वर्ण गुलाबी, डोळे निळसर आणि अंगावर घोळदार झगे असतात. त्यांत परके असे आपल्याला काहीच वाटत नाही, कारण लहानपणापासून आपण त्या तशाच पाहत आलो आहोत. परंतु याच आपल्या पुणे जिल्ह्यात एक कॅथॉलिक चित्रकार होऊन गेला, ज्याने मरियामातेला साडी नेसवली, तिच्या बाळाला आपल्या मातीचा रंग दिला आणि त्यासाठी स्वतःच्या लोकांचा रोष पत्करला. अँजेलो द फोन्सेका हे त्यांचे नाव. टेमघरच्या डोंगरातून उतरून आपल्या मुठा खोऱ्यातून वाहणारी नदी पुण्यात शिरते, तेथे शिवाजीनगरच्या एका आश्रमात त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. असे असूनही पुण्याच्या मराठी कॅथॉलिकांत त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. म्हणून या रविवारी आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतो इस्तेव्ह या बेटावरच्या गावी एका सुखवस्तू कॅथॉलिक कुटुंबात झाला. त्या काळच्या अशा घरांतील हुशार मुलाने एक तर धर्मगुरू व्हावे किंवा डॉक्टर, वकील व्हावे अशी अपेक्षा असे. त्याप्रमाणे ते मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झालेही, पण मन रमेना. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे भर होता तो पाश्चात्त्य पद्धतीच्या रेखाटनावर. तेही त्यांना मानवले नाही आणि त्यांनी थेट बंगालचा रस्ता धरला. गोव्याहून मुंबई, मुंबईहून बंगाल हा त्या काळी नुसता लांबचा प्रवास नव्हता. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि तिथल्या सुशिक्षितांचे डोळे लिस्बनकडे लागलेले असत. हा तरुण मात्र पूर्वेकडे निघाला.

बंगालमध्ये त्यांना अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्यासारखे गुरू लाभले. अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांच्या सहवासातून जलरंगांची एक निराळी रीत घडवली होती. कागदावर रंग लावायचा, कागद पाण्याने भिजवायचा, वाळला की पुन्हा रंग द्यायचा, पुन्हा धुवायचा. असे अनेक वेळा केल्यावर रंग कागदात मुरतो आणि चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखा मऊपणा येतो. हे काम घाईचे नाही. ही रीत फोन्सेकांच्या हातात पक्की बसली. हातात कला आली, आता आपल्या गावी जाऊन चर्चसाठी चित्रे काढ, असा सल्ला गुरूंनी त्यांना दिल्याचे सांगितले जाते. एका हिंदू गुरूने आपल्या ख्रिस्ती शिष्याला चर्चकडे परत पाठवावे, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

फोन्सेका गोव्याला परतले ते मोठ्या उमेदीने. त्यांच्या चित्रांत मरियामाता साडीत होती, तिचे केस, तिची बसण्याची ढब, तिचे अनवाणी पाय सारे इथले होते. लोक संतापले. देवाच्या आईची ही विटंबना आहे, असे बोलले गेले. अखेर त्यांना गोवा सोडावा लागला.

आज आपल्याला हा संताप कदाचित हास्यास्पद वाटेल. परंतु त्या लोकांना सरळ दोष देण्याआधी इतिहास पाहिला पाहिजे. १६१६ साली गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. मराठी ओवीत प्रभू येशूची कथा गाणारा हा ग्रंथ. म्हणजे शब्दांत मरियामाता तीनशे वर्षांपूर्वीच मराठी झाली होती. पण पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या हुकूमनाम्याने तर पेहराव आणि लग्नातल्या चालीरीती यांवरही बंदी घातली. धोतर नेसले, चोळी घातली तरी माणूस जुन्या धर्माकडे वळला असा संशय घेतला जाई. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या हेच शिकवले की आपला पेहराव म्हणजे आपला त्यागलेला धर्म, त्याला वेदीवर साडी दिसल्यावर धक्का बसणारच. त्या रागाच्या मुळाशी आम्हांला तरी द्वेषापेक्षा भीतीच अधिक दिसते.

गोव्याने नाकारलेल्या या चित्रकाराला आसरा मिळाला तो पुण्यात, आणि तोही कॅथॉलिकांकडे नाही. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम हा अँग्लिकन मंडळींचा. जॅक विन्सलो या इंग्रज पाळकांनी १९२२ साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर परिसरात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि काही वर्षांतच त्याचे ठाणे पुण्याला आले. विन्सलो यांच्यावर आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोठा प्रभाव होता. टिळक १९१९ मध्ये वारले, आणि १९२३ साली विन्सलोंनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. ख्रिस्त इथल्या माणसाला इथल्या वेषात भेटावा, ही टिळकांची तळमळ या आश्रमात रुजली होती. जमिनीवर बसून जेवण, खादीचे कपडे, भारतीय पद्धतीची प्रार्थना असा तिथला दिनक्रम. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नावारूपाला आलेले व्हेरिअर एल्विन हेही १९२७ मध्ये याच संघात दाखल होण्यासाठी इंग्लंडहून आले होते.

त्या काळी कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात किती अंतर होते हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. एकमेकांच्या उपासनेला जाणेही वर्ज्य होते. अशा दिवसांत एक कॅथॉलिक चित्रकार अँग्लिकन आश्रमात राहतो, तिथल्या बांधवांसाठी चित्रे काढतो आणि आपली कॅथॉलिक श्रद्धा तसूभरही सोडत नाही. ख्रिस्तैक्याविषयी रोमहून काही येण्याच्या कितीतरी आधी शिवाजीनगरला ते रोजच्या ताटावर घडत होते. यथावकाश, १९७० च्या दशकात, याच आश्रमात अँग्लिकन आणि कॅथॉलिक धर्मभगिनी एकत्र राहू लागल्या. ते पाहायला फोन्सेका नव्हते.

आपल्या कॅथॉलिक मंडळींत त्यांची कदर कोणीच केली नाही असे मात्र नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश येशूसंघीय इतिहासकार होते. १९२२ मध्ये ते भारतात आले आणि १९२६ मध्ये त्यांनी इतिहास संशोधन संस्था स्थापन केली, जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्राचीन भारतीय शिल्पे आणि मुद्रा यांच्या अभ्यासात बुडालेल्या या धर्मगुरूंना वाटे की याच भूमीच्या कलेतून ख्रिस्ती कला उभी राहावी. त्यांनी फोन्सेकांना विषय सुचवले, चित्रे काढून घेतली, धीर दिला. इतिहासकार आणि चित्रकार यांची ही जोडी १९५५ साली फादर हेरास यांचे निधन होईपर्यंत टिकली. रोममध्येही कार्डिनल चेल्सो कोस्तांतीनी यांच्यासारखे लोक होते. चीनमध्ये पोप महोदयांचे प्रतिनिधी म्हणून काम करताना स्थानिक कलेचे महत्त्व त्यांनी ओळखले होते. १९५० च्या पवित्र वर्षात रोमला मिशन देशांतील कलेचे जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात फोन्सेकांची चित्रे होती. सांतो इस्तेव्हला जे चालले नाही ते रोमला चालले!

१९५१ साली त्यांचा विवाह आयव्ही मिनेझिस यांच्याशी झाला. त्यानंतरच्या अनेक चित्रांत मरियामातेचा चेहरा आयव्हीबाईंवरून घेतलेला आहे. आपल्या घरातल्या स्त्रीच्या चेहऱ्यात देवमातेचे रूप पाहणे हे इटलीतल्या मोठमोठ्या चित्रकारांनीही केले होते. त्यांच्या मरियामाता इटालियन बायका आहेत, नाझरेथच्या यहुदी मुली नाहीत, याबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही.

येथे आमच्या सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गातील एक गोष्ट आठवते. माणूसपण ही कल्पना झाली. रस्त्यात भेटतो तो नेहमी कोणीतरी एक माणूस, कोणत्यातरी गावचा, कोणतीतरी भाषा बोलणारा. देवपुत्राने देह धारण केला तो असाच एका गावात, एका आईच्या पोटी. त्यामुळे त्याचे चित्र काढायचे तर त्याला कुठला ना कुठला चेहरा द्यावाच लागतो. गुलाबी चेहरा हाही एक प्रांतिक चेहराच आहे. फोन्सेकांनी हे वाद घालून सांगितले नाही, आयुष्यभर कागद भिजवत आणि रंगवत राहिले. त्यांनी केलेल्या चित्रांची संख्या शेकड्यांत आहे.

तरीही एक प्रश्न राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला योग्य वाटत नाही. आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबांचे पणजोबा अशा वस्तीतून ख्रिस्तसभेत आले, जिथल्या माणसांना गावच्या देवळाची पायरीही चढू दिली जात नव्हती. त्यांनी समई, कमळ आणि पद्मासन यांच्याकडे आपले म्हणून का पाहावे? भारतीय रूप म्हणजे नेमके कोणाचे रूप? हा प्रश्न दलित ख्रिस्ती बांधवांनी पुढच्या काळात विचारला आणि तो रास्त आहे. फोन्सेकांच्या चित्रांत त्याचे पूर्ण उत्तर नाही. थोडेसे आहे ते त्या अनवाणी पायांत आणि साध्या कपड्यांत. त्यांच्यानंतर आलेल्या चित्रकारांनी हातात कुदळ, डोक्यावर घमेले असलेली मरियामाता रंगवली तर आम्हांला आनंदच होईल.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. कोणतीही एकच कलाशैली ख्रिस्तसभेची स्वतःची नाही, सर्व काळांतील आणि सर्व प्रदेशांतील कलेला तिच्यात मोकळीक आहे, असा त्यातील कलेविषयीच्या प्रकरणाचा आशय आहे. तीस वर्षांपूर्वी ज्यासाठी फोन्सेकांना घर सोडावे लागले, ते आता ख्रिस्तसभेचे अधिकृत धोरण झाले होते. त्यांना त्यानंतर फक्त चार वर्षे मिळाली. २८ डिसेंबर १९६७ रोजी, निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशी, मेंदूज्वराने पुण्यात त्यांचे निधन झाले. भारतातील उपासनेत आरती, अंजली, जमिनीवर बसणे अशा बारा गोष्टींना रोमची परवानगी मिळाली ती १९६९ मध्ये.

आयव्हीबाईंनी पतीची चित्रे जपून ठेवली आणि पुढे त्यांतील मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील येशूसंघीयांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. काही चित्रे मुंबईच्या हेरास संस्थेत आहेत. पुण्यातील स्नेहसदनचे संस्थापक, जर्मनीहून आलेले फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी भारतातील ख्रिस्ती चित्रकलेवर जे पुस्तक लिहिले, ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून फोन्सेकांचे नाव पुन्हा वाचकांपुढे आले.

आपल्यापैकी बरेच जण संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी जुन्या गोव्याला जातात. पणजीहून मांडवीचा पूल ओलांडला की लगेच पर्वरी लागते.