आर्तुरी विर्टानेन : वैरणीतील अन्न राखणारे शास्त्रज्ञ

लासूर स्टेशनच्या आसपासच्या गावी श्रावण-भाद्रपदात बांधोबांधी हिरवे गवत डोलते. परंतु चैत्र-वैशाखात तेथील गुरांस वाळक्या काडीवर दिवस कंठावे लागतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कितीएक कुटुंबांवर चाऱ्यावाचून दावणीची जनावरे विकण्याची पाळी आली. म्हणून हिरवा चारा टिकविण्याकरिता ज्यांनी आपली विद्या वेचली, त्यांचे चरित्र आमच्या वाचकांस बोधप्रद होईल.

आर्तुरी इल्मारी विर्टानेन ह्यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी फिनलंड देशातील हेलसिंकी शहरी झाला. त्या देशी हिवाळा दीर्घ व कडक. कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. रसायनशास्त्राचे अध्ययन करून ते १९२१ साली वालिओ नामक सहकारी दुग्धसंघाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. हिवाळ्यात गाईंस सकस चारा मिळेना, म्हणून दूधही निकस होई. हे दुःख त्यांनी जवळून पाहिले.

खड्ड्यात गवत दाबून मुरघास करण्याची रीत जुनीच होती. परंतु त्यातील बरेचसे सत्त्व नकळत नाहीसे होई. कापलेले गवतही काही काळ श्वास घेते व आपली साखर जाळते. पुढे अपायकारक जंतू त्यातील प्रथिने कुजवितात. विर्टानेन ह्यांनी शोधून काढले की, चाऱ्याची आम्लता त्वरित पुरेशी वाढविल्यास ही दोन्ही नुकसाने थांबतात. त्यांनी गवतावर पातळ केलेली आम्ले शिंपडली, आणि असा चारा खाणाऱ्या गाईंची प्रकृती व दूध निर्दोष राहते, हे पुष्कळ प्रयोगांनी सिद्ध केले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ह्या रीतीस ‘एआयव्ही’ म्हणू लागले. १९३३ साली त्यांनी स्वतः शेत घेऊन तेथे आपली मते कसास लावली. १९४५ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ११ नोव्हेंबर १९७३ रोजी ते निवर्तले.

तीव्र आम्ले हाताळणे धोक्याचे आहे. आमच्या शेतकऱ्यांनी तो प्रयोग घरी करू नये. मका, ज्वारी ह्यांत साखर पुष्कळ असल्यामुळे, हवा बंद केली की आम्ल आपोआप तयार होते. मक्याचा दाणा चिकात असता पीक कापावे, बारीक कुट्टी करावी, थर पायांनी घट्ट तुडवावे व खड्डा त्याच दिवशी कागदाने आणि मातीने झाकावा. ओले गवत असल्यास आधी थोडे सुकवावे. सुमारे दीड महिन्याने खड्डा उघडावा, रोज लागेल तेवढाच चारा काढून तोंड झाकावे, व बुरशी आलेला भाग जनावरांस घालू नये.

पाच भाकरींनी लोकसमुदाय तृप्त झाल्यावरही आपल्या प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले, हे आपण जाणतो. नुसते साठविणे पुरेसे नव्हे. साठविलेल्यातील सत्त्व राखणे हेही विश्वासू कारभाऱ्याचे कर्तव्य होय. मुक्या जनावरांच्या मुखी पडणाऱ्या घासाची चिंता वाहणे हे विर्टानेन ह्यांच्यासारख्या विद्वानांस हलके वाटले नाही. मग ते आपणांस का वाटावे?