सिस्टर एलिझाबेथ केनी

पोलिओने पाय अधू झालेली माणसे आमच्या वाचकांनी आपापल्या गावी पाहिली असतील. सन २०१४ मध्ये आपला देश ह्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. परंतु १९५५ पूर्वी ह्या रोगावर लस नव्हती. त्या काळी आजारी मुलांच्या खाटेशी बसून त्यांच्या हातापायांस चालना देणाऱ्या एका बाईंचे चरित्र आम्ही आज देत आहो.

एलिझाबेथ केनी ह्यांचा जन्म ता. २० सप्टेंबर १८८० रोजी ऑस्ट्रेलियातील वॉरिआल्डा गावी झाला. परिचारिकेची कोणतीही परीक्षा त्यांनी दिली नव्हती. तरी रानातील दूरदूरच्या वस्त्यांवर जाऊन त्या रोग्यांची शुश्रूषा करीत. पहिल्या महायुद्धात जखमी शिपायांस नेणाऱ्या जहाजांवर त्यांनी सेवा केली व १९१७ साली त्यांस सिस्टर हा हुद्दा मिळाला.

पोलिओ झालेल्या मुलाचे हातपाय वाकडे होऊ नयेत म्हणून त्या वेळी डॉक्टर ते फळ्यांनी किंवा प्लास्टरने महिनेच्या महिने जखडून ठेवीत. केनीबाईंनी उलट मार्ग धरला. रोग ताजा असून स्नायू ताठरून दुखत असता, त्या लोकरीच्या कांबळ्याचे तुकडे उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून, दुखऱ्या भागावर गुंडाळीत. वेदना शमली म्हणजे तो अवयव आपल्या हातांनी हळूहळू हालवीत, आणि कोणता स्नायू कसा हालवावा हे मुलास शिकवीत.

पुष्कळ डॉक्टरांस हे रुचले नाही. १९३८ साली क्वीन्सलंड सरकारने नेमलेल्या आयोगाने त्यांच्या पद्धतीविरुद्ध निकाल दिला. १९४० साली, वयाची साठी आली असता, त्या अमेरिकेस गेल्या. मिनिआपोलिस येथील डॉक्टरांनी त्यांचे काम डोळ्यांनी पाहिले, आणि १९४२ साली तेथे त्यांच्या नावाची संस्था उघडली.

बाईंचा स्वभाव तापट होता. रोगाच्या मूळाविषयी त्यांनी मांडलेले मतही पुढे टिकले नाही. पोलिओ मज्जारज्जूतील पेशींचा नाश करतो, आणि मेलेल्या पेशी शेकाने परत येत नाहीत. हे आम्ही लपवीत नाही. तथापि रोग्यास जखडून ठेवण्याची चाल मोडली, ती मुख्यतः त्यांच्यामुळेच. ता. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी त्या मरण पावल्या.

आज मोठ्या रुग्णालयांत अत्यवस्थ रोग्याचेही हातपाय, डॉक्टरांच्या अनुमतीने, शक्य तितक्या लवकर हालविले जातात. कारण पडून राहिलेले स्नायू थोड्याच दिवसांत झिजतात. आपले माणूस अशा खाटेवर असता कोणी त्याचे पाय हालवू लागला, तर वाचकांनी भिऊन त्याचा हात धरू नये.