सर्कलचे नाव आणि हॉर्निमन

मुंबईच्या फोर्ट भागातील वर्तुळाकार बागेभोवती एकसारख्या कमानींच्या, नवअभिजात शैलीच्या इमारती १८७२ च्या सुमारास पुऱ्या झाल्या. पूर्वीच्या ‘बॉम्बे ग्रीन’ मैदानावर कापसाच्या गाठींचे ढीग पडत. पालिकेने तेथे भूखंड पाडून ते नफ्याने विकले, आणि सर्कलला गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव मिळाले. व्यापारी भांडवलाची ही वास्तू आज ओळखली जाते ती मात्र एका संपादकाच्या नावाने.

बेंजामिन गाय हॉर्निमन १९०६ मध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये आले. १९१३ मध्ये फिरोजशहा मेहतांनी काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादकपद त्यांनी स्वीकारले. रौलट कायद्याविरुद्ध त्यांनी लेखणी परजली, तेव्हा एप्रिल १९१९ मध्ये सरकारने त्यांना बोटीवर चढवून विलायतेस धाडले. खटला नाही, सुनावणी नाही. आणि हे एका जन्माने इंग्रज असलेल्या गृहस्थाच्या बाबतीत! ब्रिटिश न्यायबुद्धीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य तपासावे. तिकडे गेल्यावरही त्यांनी मौन पत्करले नाही. अमृतसरच्या हत्याकांडावर १९२० मध्ये त्यांनी इंग्रज वाचकांसाठी पुस्तक प्रसिद्ध केले.

१९२६ मध्ये ते परतले आणि १९३३ पासून त्यांनी ‘बॉम्बे सेंटिनेल’ हे सायंदैनिक चालविले. १९४८ मध्ये ते निवर्तले. एल्फिन्स्टन यांचे नाव उतरवून सर्कलला हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले ते स्वातंत्र्य मिळाल्यावर.