हेन्री सॉल्ट

हेन्री स्टीफन्स सॉल्ट (जन्म : नैनिताल, २० सप्टेंबर १८५१, मृत्यू : ब्रायटन, इंग्लंड, १९ एप्रिल १९३९) हे इंग्रज लेखक, समाजसुधारक व प्राण्यांच्या हक्कांचे आद्य पुरस्कर्ते होते. प्राण्यांवर दया करावी, हा विचार त्यांच्यापूर्वीही प्रचलित होता. दया हा माणसाच्या मर्जीचा प्रश्न नसून प्राण्यांना स्वतःचे हक्क आहेत, ही भूमिका सुसंगतपणे ग्रंथरूपात मांडणाऱ्या पहिल्या विचारवंतांत सॉल्ट यांची गणना होते.

आरंभीचे जीवन

सॉल्ट यांचे वडील बंगालच्या तोफखान्यात अधिकारी होते. हेन्री वर्षभराचे असतानाच त्यांना इंग्लंडला नेण्यात आले. ईटन येथील शाळेत आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकून १८७५ मध्ये ते ईटनमध्येच शिक्षक झाले. १८७९ मध्ये त्यांचा केट जॉइन्स यांच्याशी विवाह झाला. याच काळात त्यांनी शाकाहार स्वीकारला. प्राण्यांच्या मांसावर आणि कष्टकऱ्यांच्या घामावर पोसलेले प्रतिष्ठित जीवन त्यांना सलू लागले. १८८४ मध्ये नोकरी सोडून हे दांपत्य सरे परगण्यातील टिलफर्ड गावी नोकरचाकरांविना साधेपणाने राहू लागले. शिक्षकाच्या झग्याच्या पट्ट्या कापून सॉल्ट यांनी त्या वेली बांधण्यासाठी वापरल्या. नाटककार बर्नार्ड शॉ हे त्यांचे निकटचे स्नेही होते.

ह्युमॅनिटेरियन लीग

इंग्लंडमध्ये १८२२ पासून गुराढोरांना क्रूर वागणुकीपासून संरक्षण देणारा कायदा होता. रानातील प्राण्यांची करमणुकीसाठी होणारी शिकार मात्र त्याच्या कक्षेबाहेर होती. १८९१ मध्ये सॉल्ट यांनी सहकाऱ्यांसह लंडन येथे ह्युमॅनिटेरियन लीग ही संस्था स्थापन केली. कोणत्याही संवेदनशील जीवाला टाळता येण्याजोगे दुःख देणे अन्याय्य आहे, हे तिचे मूलतत्त्व होते. शिकारीचा खेळ, जिवंत प्राण्यांवरील प्रयोग आणि टोप्यांवरील पिसांसाठी होणारी पक्ष्यांची हत्या यांना संस्थेने विरोध केला. त्याचबरोबर फाशी, फटक्यांची शिक्षा आणि युद्ध यांविरुद्धही तिने चळवळ केली. यामुळे संस्था दोन्ही बाजूंनी एकाकी पडे. कैद्यांचा प्रश्न अनेक प्राणिप्रेमींना अप्रस्तुत वाटे, तर प्राण्यांचा प्रश्न अनेक समाजसुधारकांना भाबडेपणाचा वाटे. सॉल्ट यांच्या मते हे दोन्ही प्रश्न एकच होते.

पाळलेले हरीण गाडीतून आणून सोडायचे आणि कुत्री सोडून त्याचा पाठलाग करायचा, अशी राजघराण्याची शिकार होती. संस्थेच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९०१ मध्ये ती बंद झाली. १९०६ मध्ये नौदलातील मुलांना फोकाने मारण्याची शिक्षाही स्थगित झाली. मात्र ईटनच्या विद्यार्थ्यांकडून होणारी सशांची शिकार संस्था थांबवू शकली नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये संस्था विसर्जित झाली. त्याच वर्षी केट यांचे निधन झाले.

नैतिक विचार

सॉल्ट यांचे ‘ॲनिमल्स राइट्स’ हे पुस्तक १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाला हक्क असतील, तर तेच प्राण्यांना सर्वस्वी नाकारण्याचा आधार उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. माणूस व इतर प्राणी सर्व बाबतींत समान आहेत, असा त्यांचा दावा नव्हता. प्रत्येक प्राण्याला व्यक्तित्व असते. त्यामुळे समाजाच्या खऱ्या गरजांची मर्यादा सांभाळून त्याला त्याचे नैसर्गिक जीवन जगू दिले पाहिजे, असे ते मानत.

माणसे मांस खातात म्हणूनच डुकरे जन्माला येतात, तेव्हा मांसाहार डुकरांच्या हिताचाच आहे, असा युक्तिवाद त्या काळी केला जाई. जो जीव अजून अस्तित्वातच नाही, त्याच्यावर उपकार करता येत नाहीत. जो अस्तित्वात आहे, त्याच्याप्रती मात्र कर्तव्य असते, असे उत्तर सॉल्ट यांनी दिले.

महात्मा गांधींवरील प्रभाव

१८८८ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेलेले गांधीजी आईला दिलेल्या वचनामुळे मांस वर्ज्य करत होते. तेथील एका शाकाहारी उपाहारगृहात त्यांना सॉल्ट यांचे ‘अ प्ली फॉर व्हेजिटेरियनिझम’ (१८८६) हे पुस्तक मिळाले. ते वाचल्यावर आपण शाकाहार विचारपूर्वक स्वीकारला, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. सॉल्ट यांनी अमेरिकन विचारवंत थोरो यांचे चरित्रही लिहिले होते. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनमधील शाकाहारी संस्थेच्या सभेत गांधीजींनी सॉल्ट यांच्या उपस्थितीत हे ऋण जाहीरपणे मान्य केले.

अखेरची वर्षे व वारसा

१९२१ मध्ये सॉल्ट यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. स्वतःच्या सुसंस्कृत समाजालाच त्यांनी त्यात रानटी ठरवले आहे. ‘द क्रीड ऑफ किनशिप’ (१९३५) या पुस्तकात त्यांनी सर्व जीवांमधील नाते हाच आपला धर्म असल्याचे मांडले. ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे बहुतेक लेखन विस्मृतीत गेले होते. १९७५ मध्ये पीटर सिंगर यांचे ‘ॲनिमल लिबरेशन’ प्रसिद्ध झाल्यावर या विषयाची पुन्हा चर्चा सुरू झाली. १९८० मध्ये सिंगर यांच्या प्रस्तावनेसह ‘ॲनिमल्स राइट्स’चे पुनर्मुद्रण झाले.