सॉव्हरिन घडवणारा राजा

इंग्लंडच्या ट्यूडर काळातील सोन्याची नाणी जमवणाऱ्यांना सातव्या हेन्रीच्या 'सॉव्हरिन'चे मोठे आकर्षण असते. हे दुर्मीळ नाणे ज्या राजाने पाडले, त्याला गादीइतकीच तिच्यावरील हक्काचीही चिंता होती.

हेन्रीचा जन्म २८ जानेवारी १४५७ रोजी वेल्समधील पेम्ब्रोकच्या किल्ल्यात झाला. वडील एडमंड ट्यूडर त्यापूर्वीच निवर्तले होते. आई मार्गारेट ब्यूफर्ट अवघ्या १३ वर्षांची होती. लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांत गादीसाठी लढाया चालू होत्या. १४७१ मध्ये लँकेस्टर पक्षाचा पाडाव झाला आणि कोवळ्या हेन्रीला समुद्रापार ब्रिटनीत आश्रय घ्यावा लागला. १४ वर्षांच्या परागंदा आयुष्यानंतर तो फौज घेऊन परतला. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड मारला गेला आणि हेन्री राजा झाला.

राज्य मिळाले, पण त्याचा वंशपरंपरागत हक्क तोकडा होता. १४८६ मध्ये त्याने यॉर्कच्या एलिझाबेथशी विवाह करून दोन्ही घराणी जोडली. तरीही पुढच्याच वर्षी लँबर्ट सिम्नेल नावाच्या मुलाला तोतया वारस म्हणून उभे करून विरोधकांनी बंड केले. ते मोडले, पण धास्ती सरली नाही.

अशा वेळी, २८ ऑक्टोबर १४८९ रोजी हेन्रीने नवे सुवर्णनाणे पाडण्याची आज्ञा दिली. तोवर २० शिलिंगांचा पौंड केवळ हिशेबाच्या वहीत होता. सॉव्हरिनच्या रूपाने तो प्रथमच हाती आला. वजन सुमारे साडेपंधरा ग्रॅम, म्हणजे आधीच्या 'रायल' नाण्याच्या दुप्पट, आणि सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस मुकुट, राजदंड आणि गोल धारण करून सिंहासनावर बसलेला राजा, तर दुसऱ्या बाजूस ट्यूडर गुलाबाच्या मध्यभागी राजचिन्हांची ढाल. रोजच्या व्यवहाराला ते फार मोलाचे होते. त्याचे खरे काम राजाचे वैभव मिरवण्याचे होते.

हाच राजा पैशाच्या बाबतीत मात्र कमालीचा काटेकोर होता. हिशेबाची पाने तो स्वतः तपासून त्यांवर सही करी. थोरला मुलगा आर्थर १५०२ मध्ये आणि राणी १५०३ मध्ये मरण पावल्यावर त्याचा संशयी स्वभाव बळावला. दंड आणि जामीनखते यांच्या ओझ्याने सरदार त्रासून गेले. २१ एप्रिल १५०९ रोजी रिचमंड येथे त्याचे निधन झाले.

पुढे आठव्या हेन्रीने नाण्यांचा कस उतरवला. हिणकस नाणी चलनात आली की कसदार नाणी दडवली वा वितळवली जातात. मुळात मोजकीच पाडलेली सॉव्हरिन त्यामुळे आणखी विरळ झाली.

नाव मात्र टिकले. १८१७ मध्ये ब्रिटनने सुमारे ८ ग्रॅमचे, २२ कॅरटचे नवे सॉव्हरिन काढले. १९१८ मध्ये तर ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. ज्याचा गादीवरील हक्क शंकास्पद मानला गेला, त्याच्या नाण्याचे नाव चार शतकांनंतर मुंबईपर्यंत पोहोचले.